फोन तिनेच करायचा

जून-जुलैत कॉलेजच्या ऑफिसात येणारे फोन बहुतेक वडिलांचे असतात. मागून आई सूचना देत असते, आणि ज्याचं ॲडमिशन आहे ते मूल तिथेच कुठेतरी टीव्हीजवळ बसलेलं असतं. इंदूरच्या एका खासगी कॉलेजात प्रवेश विभागाच्या टेबलावर मी बरीच वर्षं काढली. त्या काळात लँडलाइन जाऊन मोबाइल आले, छापील फॉर्म जाऊन पोर्टल आलं, राज्याच्या ई-प्रवेशच्या फेऱ्या सुरू झाल्या, आणि त्या आटोपल्या की उरलेल्या जागांसाठी सीएलसी, म्हणजे कॉलेज लेव्हल काउन्सेलिंग. बोलणारा माणूस मात्र बदलला नाही. "मॅडम, बच्चे का बीकॉम में हो जाएगा क्या?" कोणतं बीकॉम, साधं की कॉम्प्युटरचं, असं विचारलं की पलीकडे शांतता. मग फोनवर हात ठेवून दबक्या आवाजात, "काय रे, कोणतं?" कधी मी मुद्दाम म्हणायची, जरा मुलालाच द्या फोन. मूल यायचं, दोनदा 'जी मॅडम' म्हणायचं आणि तिसऱ्या प्रश्नाला "पापा से बात कर लो" म्हणून सुटका करून घ्यायचं.

यात मुलांचा दोष मला कधी फारसा वाटला नाही. आपल्याकडे ॲडमिशन ही घराची बाब असते. ओळख काढायची, कोणाच्या तरी मेहुण्याला सांगायचं, साहेबांना भेटून यायचं ही सगळी मोठ्यांची कामं. ते ते प्रेमापोटीच करतात, आणि आमच्याकडे ते चालतंही. कारण आमच्याकडे शेवटी मार्कच बघतात. उमेदवार काय म्हणतो, याला कोणत्याही फेरीत कॉलम नाही.

2024च्या ऑगस्टमध्ये माझ्या भाचीच्या निमित्ताने मात्र मला टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसावं लागलं. त्या वर्षी सीयूईटीचा, म्हणजे दिल्लीसारख्या केंद्रीय विद्यापीठांच्या प्रवेश परीक्षेचा, निकाल लांबला होता. परीक्षा मे महिन्यात, काही मुलांची फेरपरीक्षा 19 जुलैला आणि निकाल 28 जुलैला. सीबीएसईचा बारावीचा निकाल 13 मेलाच हातात आलेला, त्यानंतर अख्खा जून-जुलै मुलं घरात नुसती बसून. दिल्ली विद्यापीठाची पहिली यादी 16 ऑगस्टला लागणार होती. भाचीला भूगोल घ्यायचा होता. सुदामा नगरातल्या त्यांच्या घरात या विषयावर जे काय बोलायचं ते बोलून झालं होतं ('भूगोल घेऊन मास्तरीण होणार का?' हा प्रश्न आजीचा, आणि आजी स्वतः मास्तरीण होती). दिल्लीचं काही जमलं नाही तर हातात काही तरी असावं म्हणून ब्रिटनच्या क्लिअरिंगचा विचार निघाला. भाऊजींनी त्यासाठी जूनमध्येच बँकेत पैसे बाजूला काढून ठेवले होते, हे ताईलासुद्धा तेव्हाच कळलं.

क्लिअरिंग म्हणजे तिकडची उरलेल्या जागांची फेरी. ब्रिटनमध्ये पदवीचे अर्ज सहसा थेट विद्यापीठाकडे जात नाहीत, यूकास नावाच्या एका मध्यवर्ती संस्थेकडून जातात. 1961 साली तिथल्या विद्यापीठांनी मिळून अशी सामाईक व्यवस्था उभी केली. पुढे नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला पॉलिटेक्निकांची वेगळी व्यवस्था तिच्यात मिसळली आणि आजचं यूकास झालं. नेहमीचे अर्ज जानेवारीपर्यंत, पाच पसंत्या. 30 जूननंतर आलेला अर्ज सरळ क्लिअरिंगमध्ये पडतो. जुलैच्या सुरुवातीला हे सुरू होतं आणि ऑक्टोबरपर्यंत चालतं, पण खरी झुंबड ऑगस्टच्या मध्यावर, ए-लेव्हलचे, म्हणजे तिकडच्या बारावीचे, निकाल लागतात त्या गुरुवारी. कोणाला ठरलेले ग्रेड मिळत नाहीत, कोणाला अपेक्षेपेक्षा जास्त मिळतात, आणि सकाळी आठपासून देशभर फोन खणखणू लागतात.

आमच्यासारख्या, निकाल मे महिन्यातच हातात असलेल्यांनी खरं तर या गुरुवारच्या आधीच फोन करावेत. तेव्हा रांगा लहान असतात. पण शाळेकडून शिफारसपत्र मिळेपर्यंत ऑगस्टचा दुसरा आठवडा उजाडला.

या पद्धतीत गुणवत्ता यादी लागत नाही. रिकाम्या जागा यूकासच्या साइटवर दिसतात. उमेदवाराने विद्यापीठाला फोन करायचा, बोलायचं, आणि ते तोंडी 'हो' म्हणाले की मगच आपल्या खात्यात ती पसंती नोंदवायची. तोंडी होकार कितीही मिळवा, नोंदवता मात्र एका वेळी एकच येते. आणि यूकासच्या पानावर, विद्यापीठांच्या पानांवर, जिथे बघावं तिथे एक सूचना असतेच: फोन विद्यार्थ्याने स्वतः करावा.

भाऊजींना हे पटेना. "मी बोलतो ना. अख्खी नोकरी कस्टमरशी बोलण्यात गेली." मग त्यांनी शोधून काढलं की अर्जात एखाद्या प्रतिनिधीचं नाव देता येतं, म्हणजे आपल्या वतीने तो यूकासशी आणि विद्यापीठाशी बोलू शकतो. केवढे खूश झाले! नाव देऊन ठेवा, मी म्हटलं, मुलगी आजारी पडली तर उपयोगी पडेल. पण वर्गात कोण बसणार आहे, हे त्या माणसाला ऐकायचं असतं. तुमचा आवाज ऐकून तो तुम्हाला भूगोलाला घेणार आहे का?

विजय नगरकडे परदेशी झेंड्यांच्या पाट्या लावलेली सल्लागारांची ऑफिसं आहेत. त्यांतल्या एकाकडे ताई जाऊन आली. "बच्ची को क्यों परेशान करना, हम कर देंगे सब," असं तिला सांगण्यात आलं. कागद जमवायला असा माणूस कामाचा असतो, हे मी नाकारणार नाही. बँकेचं पत्र कसं हवं, व्हिसासाठीची टीबीची तपासणी कुठे होते, हे त्याला तोंडपाठ असतं. पण 'सब'मध्ये तो फोनही धरला, तर मुलीने फक्त विमानात बसायचं राहतं.

अडचण अशी की मुलीलाही फोन नकोच होता. या पिढीला बोलता येत नाही असं मुळीच नाही. मैत्रिणींना पाच-पाच मिनिटांचे व्हॉइस मेसेज जातात. पण अनोळखी माणसाशी, त्याचं तोंड दिसत नसताना, त्याच्या वेगाने बोलायचं म्हटलं की पोटात गोळा येतो. जेवण अंगठ्याने मागवायचं, रिक्षा अंगठ्याने बोलवायची, आणि रिंग वाजली की स्क्रीनकडे विंचू बघितल्यासारखं बघायचं. "मावशी, चॅटवर नाही का होत?" काही ठिकाणी होतं, आणि परदेशी मुलांसाठी ऑनलाइन फॉर्मही असतात. पण भूगोलासाठी तिने काढलेल्या यादीतली निम्मी विद्यापीठं फोनच करा म्हणत होती.

मग तालीम सुरू केली. मी राजेंद्र नगरात, ती सुदामा नगरात. तिने फोन लावायचा आणि मी नाकातून इंग्रजी काढत उचलायचा, "क्लिअरिंग हॉटलाइन, हाऊ कॅन आय हेल्प?" मुद्दाम मध्येच थांबवून ठेवायची, रेडिओवर विविध भारती लावून. होल्डवर असताना घाबरून फोन ठेवायचा नाही, हा पहिला धडा. दुसरा नावाचा. आडनावाची अक्षरं फोनवर सांगताना आपल्याकडे 'एन फॉर नागपूर' चालून जातं; तिकडे फोनवर बसलेल्या विशीतल्या पोराला नागपूर कुठून माहीत असणार? (हो, पहिला फोन बहुतेक वेळा तिथले विद्यार्थीच उचलतात, सुट्टीतलं काम म्हणून, ते माहिती टिपून घेतात आणि प्रकरण जमण्यासारखं दिसलं की प्राध्यापकाकडे देतात.) म्हणून आल्फा, ब्राव्हो, चार्ली पाठ झालं. दोन दिवसांत आजीलाही पाठ झालं, आणि जपाच्या वेळी ती 'ज्युलिएट, किलो, लिमा' पुटपुटते आहे असा ताईला संशय होता.

समोर एक फुलस्केप कागद. त्यावर यूकासचा आयडी, क्लिअरिंग नंबर, प्रत्येक कोर्सचा कोड, दहावी-बारावीचे विषयवार मार्क. नुसती टक्केवारी सांगून भागत नाही: काही जण चार उत्तम विषयांची सरासरी धरतात, काही गणित वेगळं विचारतात, आणि बारावीच्या इंग्रजीचे मार्क चांगले असले तर काही विद्यापीठं आयईएलटीएस ही इंग्रजीची परीक्षा मागत नाहीत. कागदाच्या दुसऱ्या बाजूला आपण विचारायचे प्रश्न. मला ही बाजू जास्त महत्त्वाची वाटत होती, कारण ऑफिसच्या टेबलावरून मला हे नेहमी जाणवायचं की प्रश्न विचारणाऱ्या माणसाशी आपण आपोआप नीट बोलू लागतो. ही जागा परदेशी विद्यार्थ्यांसाठी खुली आहे का? क्लिअरिंगमधल्या कितीतरी नसतात. व्हिसासाठी लागणारं कॅस नावाचं पत्र द्यायची तुमची शेवटची तारीख कोणती? आगाऊ किती भरायचे? उशिरात उशिरा कधी हजर व्हायचं? राहायची सोय? आपण ज्यांच्याशी बोलतो आहोत त्यांचं नाव? आणि पसंती नोंदवायची मुदत कधीपर्यंत?

तारखांचा प्रश्न तर आमच्यासारख्यांसाठी सगळ्यात आधीचा. इंग्लंडमधल्या मुलाला क्लिअरिंगमध्ये जागा मिळाली की सामान बांधून तो ट्रेनने जातो. इथून जाणाऱ्याला कॅस हवं, टीबीचा दाखला हवा, फी आणि राहण्याच्या खर्चाचे पैसे सलग 28 दिवस खात्यात असायला हवेत, खातं वडिलांचं असेल तर नातं सिद्ध करणारा जन्मदाखला आणि त्यांचं संमतीपत्र हवं, आणि मग व्हिसाच्या निर्णयाला साधारण तीन आठवडे. पंधरा ऑगस्टला होकार आला तरी सप्टेंबर असा सरतो. म्हणून भाऊजींच्या त्या जूनमधल्या पैशांचं मला कौतुक वाटलं. 28 दिवस आधीच होऊन गेले होते.

सगळ्यात अडलं ते एका प्रश्नापाशी. भूगोल का? तिचं उत्तर तयार होतं, "आय हॅव ऑल्वेज बीन पॅशनेट अबाउट जिऑग्रफी," आणि पुढे अर्जासोबतच्या पर्सनल स्टेटमेंटमधली चार वाक्यं. चार हजार अक्षरांचं ते स्टेटमेंट तिने मन लावून लिहिलं होतं, कागदावर वाचायला बरंही होतं. फोनवर ऐकताना मला जांभई आली. मी तिला तसं सांगितलं आणि ती रुसली.

उत्तर सापडलं ते नळामुळे. त्यांच्याकडे पाणी एक दिवसाआड येतं, आणि तालमीच्या मध्येच ताई ओरडली, मोटर लाव, पाणी आलं. परत येऊन ही म्हणाली, मावशी, तुला माहितीये का, हे पाणी कुठून येतं? नर्मदेचं, इंदूरमध्ये पोरालाही माहीत असतं, मी म्हटलं. ते नाही, म्हणाली. जलूदला नर्मदेतून उचलतात, सुमारे सत्तर किलोमीटर आणतात, विंध्याचा चढ पंपांनी चढवतात. आपण वापरतो, आणि सांडपाणी जातं कान्ह नदीत. कान्ह उत्तरेला वाहते. ती क्षिप्रेला मिळते, क्षिप्रा चंबळेला, चंबळ यमुनेला. म्हणजे जे पाणी अरबी समुद्राला जाणार होतं, ते आपण वर चढवून, पिऊन, बंगालच्या उपसागराकडे लावून देतो. एका शहराने पाणलोटाची रेघच ओलांडली ना?

माझी जांभई गेली. या शहरात एवढी वर्षं पाणी भरलं, पण हे असं डोक्यात आलं नव्हतं. आजी आतून म्हणाली, ते पाणी काय असंच आलं का, 1970ला आंदोलन केलं होतं आम्ही, तेव्हा कुठे 1978ला आलं. मग अर्धा तास आजीचा. त्या अर्ध्या तासात भाचीने दोन गोष्टी टिपून घेतल्या, ज्या कुठल्याच स्टेटमेंटमध्ये नव्हत्या. मग तेच सगळं इंग्रजीत, दीड मिनिटात बसवायचं. क्षिप्रा आणि चंबळ गळाली. सत्तर किलोमीटर, चढ आणि दोन समुद्र राहिले.

त्या वर्षी ए-लेव्हलचा निकालाचा गुरुवार नेमका 15 ऑगस्टला आला. सकाळी कॉलनीत झेंडावंदन, बुंदीचे लाडू, आणि भाऊजींचा विनोद, जो त्यांनी येणाऱ्या प्रत्येकाला ऐकवला: "आजच्या दिवशी इंग्रजांकडे जागा मागायची म्हणजे काय!" तिकडचे सकाळचे आठ म्हणजे आपले दुपारचे साडेबारा. बाराच्या आत स्वयंपाक उरकला, कारण साडेबारानंतर कुकरला शिटी वाजवायची बंदी होती. दारावरची बेल काढून ठेवली. भाऊजींना ताईने गच्चीवर पाठवलं. हॉटलाइनचे फुकटचे नंबर इथून लागत नाहीत, म्हणून परदेशी विद्यार्थ्यांसाठी दिलेले वेगळे नंबर आदल्या दिवशीच शोधून ठेवले होते, सुरुवातीचं शून्य काढून, चव्वेचाळीस लावून.

मी खोलीत होते, पण खिडकीजवळ. मध्ये बोलायचं नाही, खुणा करायच्या नाहीत, असं मीच मला बजावलं होतं, आणि ते सगळ्यात अवघड गेलं. पहिला नंबर लागेना. दुसऱ्याने बराच वेळ संगीत ऐकवलं आणि सांगितलं की भूगोल आहे, पण परदेशी विद्यार्थ्यांसाठी नाही. "थँक यू फॉर चेकिंग," असं ती म्हणाली आणि कागदावर रेघ मारली. चेहरा पडला, पण आवाज पडला नाही. पुढच्याने सगळी माहिती घेतली, परत फोन करू म्हणाले. तो फोन आला नाही.

त्यानंतरच्या फोनवर एका मुलीने मार्क लिहून घेतले आणि प्राध्यापकांकडे दिला. पलीकडचं मला ऐकू येत नव्हतं. हिचं ऐकू येत होतं. तिने जलूद सांगितलं, चढ सांगितला, दोन समुद्र सांगितले. मग ती थांबली. तिकडून काहीतरी विचारलं गेलं होतं. ते असं होतं, हे नंतर कळलं, की मग एवढं पाणी वर चढवायचा खर्च कोण देतं?

"आय डोन्ट नो एक्झॅक्टली," ती म्हणाली. मी खिडकीचा गज घट्ट धरला. "महापालिका विजेचं बिल भरते, पाणीपट्टीतून ते सगळं निघत असेल असं मला वाटत नाही. उरलेलं कुठून येतं, हे मला शोधायला आवडेल."

एवढ्या वर्षांच्या फोनवर मला 'माहीत नाही' असं सरळ कोणी म्हटलेलं आठवत नाही. मुलं गप्प व्हायची किंवा वडिलांना द्यायची. त्या प्राध्यापकाला ते उत्तर आवडलं असावं, कारण मग बोलणं तिच्या प्रश्नांवर आलं, कागदाच्या दुसऱ्या बाजूवर, आणि ती एकेक खूण करत गेली. तोंडी होकार मिळाला. पसंती नोंदवायला दुसऱ्या दिवशीच्या संध्याकाळपर्यंत मुदत. ती 'नाव परत एकदा सांगाल का' म्हणाली आणि त्यांच्या नावाची अक्षरंही तिने आल्फा-ब्राव्होमध्ये पडताळून घेतली, तेव्हा बाहेर आजी हसल्याचा आवाज आला.

भाऊजी गच्चीवरून आले ते कॅल्क्युलेटर घेऊनच. फी वर्षाला वीस हजार पाउंडांच्या वर, पाउंड शंभर रुपयांच्या पलीकडे, व्हिसाबरोबरचा आरोग्य अधिभार वर्षाला 776 पाउंड, तोही सगळ्या वर्षांचा एकदम आधीच भरायचा. रात्री उशिरापर्यंत आकडे चालले होते. कोणी कोणाला दोष देत नव्हतं, फक्त आकडे मोठ्याने वाचले जात होते, आणि त्याने मुलांवर जास्तच ओझं येतं असं माझं मत आहे. पण ते घर माझं नव्हतं.

सोळा तारखेला दिल्लीची यादी लागली आणि तिला भूगोल मिळाला. पहिल्या पसंतीचं कॉलेज नव्हे, पण भूगोल. मुदतीला थोडाच वेळ राहिला होता. घरात सगळे तिच्याकडे बघत होते. मला वाटतं, फोनची ती तालीम झाली नसती तर त्या वेळी तिने बाबांकडे बघितलं असतं. ती म्हणाली, दिल्ली. मास्टर्सला बघू तिकडचं, तोवर तो पंपाचा खर्च शोधून काढते.

क्लिअरिंगचा होकार नोंदवला नाही की तो आपोआप जातो, कोणाला कळवावं लागत नाही. तिने तरी फोन केला. भाऊजी म्हणाले, "नाही म्हणायला आयएसडीचे पैसे?" या वेळी मी खोलीत नव्हते. बोलणं छोटं झालं म्हणे. पलीकडच्या मुलीने जागा दुसऱ्याला लगेच देता येईल म्हणून आभार मानले.

मग हॉस्टेलसाठी दिल्लीच्या कॉलेजात फोन. नुसती रिंग जात राहिली, मग एंगेज, मग परत रिंग. भाऊजींचा बँकेतला एक मित्र दिल्लीला असतो, त्याला सांगू का, असं त्यांनी विचारलंच. "थांबा ना बाबा," म्हणून तिने पुन्हा लावला. सोमवारी सकाळी उचलला कोणीतरी. पहिल्या वर्षाच्या हॉस्टेलच्या जागा थोड्या, फॉर्म वेगळा, आउटस्टेशनच्या मुलींसाठी यादी वेगळी. तिने नाव विचारलं, तारीख विचारली, डिपॉझिट विचारलं. फोन ठेवल्यावर भाऊजींनी कागद ओढून घेतला, चष्मा लावून दोन्ही बाजू वाचल्या आणि खाली आपल्या अक्षरात लिहिलं: मेस व्हेज आहे का? आत्ता तिकडे लंच असेल, ती म्हणाली, दोननंतर लावते.